हरेश्वर मास्तरांनी गाळलेली उघाडी

हरेश्वर भोईरांच्या बोटांना पहिला रंग लागला तो रांगोळीचा. वसईजवळच्या जूचंद्रात दिवाळीची रांगोळी अंगणापुरती राहत नाही. शाळेच्या वर्गांत, देवळाच्या ओट्यावर, लोकांच्या पडवीत माणसं आठ-आठ तास वाकून बसतात आणि जमिनीवर हुबेहूब चेहरे उमटवतात. सात-आठ वर्षांच्या हरेश्वरला त्या मोठ्या कलाकारांमध्ये जागा मिळे ती आकाश भरायला. चेहरा मोठ्यांचा, मागचं आकाश पोरांचं, असं तिथं ठरलेलंच होतं. बाकीची पोरं एकच निळा पसरून मोकळी होत. हरेश्वर मात्र खाली पांढरट, वर गडद, मध्ये कुठं पिवळ्याची चिमूट, असं करत बसे. एका म्हाताऱ्या रांगोळीकारानं ते पाहिलं आणि पुढच्या वर्षी या पोराला चेहऱ्यावर घ्या म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी त्याला चेहरा दिला आणि त्यानं तो पार बिघडवला. माणसांचे चेहरे त्याला पुढंही कधी जमले नाहीत. आकाश तेवढं जमत राहिलं.

त्याचे वडील बाळाराम खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीत, भात पिकवत आणि पावसाळा सरला की मिठागरावर जात. याशिवाय त्यांच्याकडं गावाचं एक काम होतं. गावाच्या दक्षिणेला खाडीचा एक फाटा वळसे घेत आत आला होता, लोक त्याला 'वाकडी' म्हणत. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथं मातीचा बांध होता, आणि आत साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून त्या बांधात लाकडी दारं बसवलेली होती. त्या दारांच्या बांधकामाला म्हणायचं उघाडी. जुनी उघाडी एका उधाणात वाहून गेली, तेव्हा १९५८ साली गावानं स्वतःच्या अंगमेहनतीनं सिमेंटची, पाच दारांची नवी बांधली. बाळाराम तेव्हा विशीतले होते. ओल्या सिमेंटमध्ये साल कोरलं ते त्यांनीच. पुढं चाळीस वर्षं त्या दारांकडं तेच बघत. गाळ अडकला की कमरेएवढ्या चिखलात उतरून काढायचा, फळी कुजली की बदलायची. सरकारी कागदात या उघाडीची नोंद कुठंच नव्हती. गावानं बांधली आणि गावानं सांभाळली, कागद कोण करणार?

हरेश्वर चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा पास झाला आणि मुंबईला कलाशिक्षकाचा डिप्लोमा करायला गेला. तिथं त्याला जलरंगाचं वेड लागलं. निसर्गचित्र शिकवणारे सर वर्गाला सारखं एकच सांगत. समोर दिसतं ते सगळं काढतो तो नकलाकार. काय सोडायचं हे ज्याला कळतं तो चित्रकार. हरेश्वरनं हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ते त्याच्या हाताला फार लवकर पटलं. ओला कागद, त्यावर एकदाच फिरवलेला रुंद ब्रश, आणि नको ते सगळं त्या एका फटकाऱ्यात बुडवून टाकणं, यात त्याला कुणी हात धरणारं नव्हतं.

१९८४ साली त्याला आचोळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची नोकरी लागली आणि तो हरेश्वर मास्तर झाला. तीन वर्षांनी चांदीपच्या जिजाशी लग्न झालं. शाळेत चित्रकलेचे तास गणिताचे सर मागून नेत, इंग्रजीच्या बाई मागून नेत, आणि मास्तर ते देऊन टाकत. पण उरलेल्या तासांना मुलांना घेऊन आचोळ्याच्या तळ्याकाठी जायचं हे त्यांनी कधी सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी पाठीला चित्र काढायचा पाट लावून ते सायकलनं निघत. मिठाचे ढीग, तुंगारेश्वरचा डोंगर, चांदीपची भातखाचरं, पश्चिमेच्या केळीच्या वाड्या. शाळेतले फ्रान्सिस सर त्यांना वसईकडच्या वाड्यांतून फिरवत, विहिरीवरचे रहाट दाखवत, आणि मास्तर चित्र काढत असेपर्यंत शेजारी पेपर वाचत बसत. वसईच्या मातीतलं पाणी रंगवावं ते भोईर मास्तरांनी, असं लोक म्हणू लागले.

त्यांचं नाव झालं ते १९९४ सालच्या एका चित्रामुळं. 'वाकडीवरची भरती' त्याचं नाव. पहाटेचं धुकं, नदीसारखी रुंद वाकडी, तिच्यावर एकच होडी, मागं गावच्या चंडिकेचा डोंगर निळसर. मुंबईतल्या एका प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. गावच्या तरुण मंडळानं पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर तेच चित्र छापलं आणि जूचंद्रात घरोघर ते भिंतीवर गेलं. तारखा संपल्यावरही लोकांनी खालचं पान कापून वरचं चित्र तसंच ठेवलं.

बाळारामांनी ते चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं होतं. कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, आणि मग लेकाला विचारलं, "ह्यो कंचा गाव?"

मास्तर हसले होते. म्हाताऱ्याची नजर गेली, असं त्यांनी जिजाबाईंना सांगितलं. तीन-चार वर्षांनी बाळाराम वारले, आणि उघाडीची दारं बघायला कुणी उरलं नाही. तोपर्यंत खाजणात भात लावणारीही घरं थोडीच उरली होती.

त्याच सुमारास मास्तरांनी गावातल्या मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही. सकाळी सातला मुलांनी पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन देवळापाशी जमायचं आणि मास्तर नेतील तिथं जायचं. पंचवीस वर्षांत दीडेकशे मुलं त्या वर्गातून गेली. काही कलामहाविद्यालयात पोचली, एकजण जाहिरातीच्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. मास्तर या मुलांवर जीव टाकत, पण चित्र बघताना त्यांच्या जिभेला धार येई.

रीमा नावाची एक मुलगी होती, बारा वर्षांची, मिठागराकडच्या आळीतली. २००३ साल असेल. वर्ग वाकडीच्या बांधावर बसला होता. रीमा दोन तास मान वर न करता काढत राहिली. मास्तरांनी वही उचलली तर त्यात सगळंच होतं. उघाडीची पाचही दारं, दारांच्या फळ्या, कोपऱ्यातला फुटका खांब, त्यावरचा आकडा, विजेचा खांब आणि त्या खांबावर रंगवलेला नंबर, तारेवरचे पक्षी मोजून अकरा, मागं डोंगरावरचं देऊळ आणि पायऱ्या. कुठं धुकं नाही, कुठं काही सोडलेलं नाही. चित्र म्हणून ते अगदी कोरडं होतं. मास्तर सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "अगं, तू तलाठी आहेस का पंचनामा करायला?"

पोरं खिदळली. रीमाही हसली. ती आणखी पाच-सहा रविवार आली आणि मग यायची बंद झाली. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही. मुलं येत होती, जात होती.

पुढच्या दहा वर्षांत जूचंद्र ओळखू येईना. नायगावच्या बाजूनं इमारती सरकत सरकत आल्या. खाजणात डंपर रिकामे होऊ लागले. एका गृहप्रकल्पाच्या भरावात आधी बांध गेला, मग उघाडी गेली, मग वाकडीचं तोंडच दिसेनासं झालं. मास्तर त्या काळात दक्षिणेला फिरकेनासे झाले. त्यांनी पाट उचलला आणि चांदीपकडं जायला लागले. तिथं अजून शेतं होती, आणि तिथली चित्रं तशीच होत होती, जशी त्यांना हवी होती.

२०१८च्या जुलैत सलग पाऊस झाला आणि गावात पाणी चार दिवस उभं राहिलं. मास्तरांच्या घरात गुडघाभर होतं. जिजाबाईंनी धान्याचे डबे माळ्यावर चढवले आणि चित्रांचे गठ्ठे पलंगावर, पलंगाखाली विटा. तिसऱ्या दिवशी शेजारची एक बाळंतीण टायरच्या ट्यूबवर बसवून बाहेर न्यावी लागली. पाणी ओसरल्यावर म्हातारी माणसं एकच बोलत होती. पाऊस असा पूर्वीही पडला, पण पाणी ओहोटीबरोबर निघून जायचं. वाकडी बुजवली म्हणून हे झालं.

मास्तरांचा पुतण्या हितेश गावचं हे काम अंगावर घेऊन पळत होता. त्यानं अर्ज केले, आणि सहा महिन्यांनी चौकशी लागली. प्रकल्पवाल्यांचं म्हणणं सोपं होतं. इथं खाजण होती हे खरं, पण पाणी जायची वाट नव्हती आणि उघाडी तर मुळीच नव्हती. असेल तर कागद दाखवा. कागद नव्हता. जुन्या नकाशात त्या जागी 'खाजण' एवढंच लिहिलं होतं. फोटो शोधले तर लग्नांचे आणि बारशांचे निघाले. बांधावर जाऊन उघाडीचा फोटो कोण काढतो? मग कुणीतरी भिंतीकडं बोट दाखवलं.

एका संध्याकाळी सात-आठ जण मास्तरांच्या ओटीवर आले. हितेशच्या हातात कॅलेंडरचं ते पान होतं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. सगळ्यांत वयस्क होते ते बोलले. "मास्तर, तुमच्या चित्रान वाकडी हाय ना? सही हाय, साल हाय. तीच दावायची."

मास्तरांनी हो म्हटलं. माणसं समाधानानं चहा पिऊन गेली. मग त्यांनी माळ्यावरून मूळ चित्र काढलं आणि खिडकीशी नेऊन पंचवीस वर्षांनी नीट बघितलं. वाकडी एवढी रुंद कधीच नव्हती; तिथं दोन होड्या शेजारून जायच्या म्हटलं तर वल्ही एकमेकांना लागायची. डोंगर तिच्या सरळ मागं नव्हता, बराच डावीकडं होता, पण तिथं चित्राचा तोल जात होता म्हणून त्यांनी तो मध्ये आणला होता. आणि जिथं उघाडी होती, अगदी तिथंच, त्यांनी धुक्याचा तो रुंद, सफाईदार फटकारा ओढला होता. सिमेंटचे ते ठोकळे त्या पहाटेला शोभत नव्हते. त्यांना स्वतःला तो क्षण आठवत होता. बाप तेव्हा बांधावर गाळ उपसत होता आणि उघाडीबरोबर तोही त्या धुक्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हितेशला हे सांगितलं. हितेशनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, काका, तुम्ही काही बोलू नका. चित्र फक्त ठेवायचं. चित्रकाराला कोण विचारतो की डोंगर इकडं होता की तिकडं? उघाडी दिसत नसली तरी पाणी तर दिसतंय.

मास्तरांना ते पटलंही. खोटं तर बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. वाकडी होती हे खरंच होतं. गावाच्या बाजूनं थोडं गप्प राहण्यात कुणाचं नुकसान? हे सगळं त्यांनी जेवताना जिजाबाईंना सांगितलं. जिजाबाईंनी त्यांच्या चित्रांबद्दल तीस वर्षांत बरंवाईट काही म्हटलं नव्हतं. त्या ताट उचलता उचलता म्हणाल्या, "बाबांनी ता चित्र बघून काय इचारला व्हता, इसरलात काय?"

एवढंच बोलून त्या मोरीकडं गेल्या.

चौकशी जागेवरच झाली, जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी. भरावावर कापडी मांडव घातला होता. चौकशी अधिकारी चाळिशीच्या बाई होत्या, बोलायला मोजक्या. प्रकल्पाच्या बाजूनं एक वकील होते आणि गावातून पन्नास-साठ माणसं. मूळ चित्र टेबलावर ठेवलं होतं. बाईंनी ते बराच वेळ बघितलं, छान आहे असं म्हणाल्या, आणि मास्तरांना विचारलं की हे तुम्ही जागेवर बसून काढलं का?

"जागेवर बसून काढलं," मास्तर म्हणाले, "पण जसं होतं तसं काढलं नाही."

मांडवात चुळबूळ झाली. हितेशनं मान खाली घातली. मास्तर उभे राहिले आणि वर्गात फळ्यासमोर बोलावं तसं एकेक दाखवत गेले. पाणी किती रुंद केलं, डोंगर कुठून कुठं आणला, आणि या इथं, धुक्याच्या पट्ट्यात, गावाची उघाडी होती ती आपण गाळली, कारण ती दिसायला बरी नव्हती. वाकडी होती, उघाडीही होती, माझ्या वडिलांनी ती सांभाळली; पण ते मी तोंडानं सांगतोय, चित्र सांगत नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं. वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना विचारायची गरजच उरली नव्हती. पुढची तारीख तीन आठवड्यांनी पडली.

ते तीन आठवडे मास्तरांना जड गेले. समोरून येणारी माणसं दुसऱ्या आळीनं वळू लागली. एका चुलतभावानं विचारलं, तुला कुणी विचारलं होतं का इतकं? रविवारी वर्गाला चारच मुलं आली. शाळेत फ्रान्सिस सरांचा मुलगा जॅक्सन आता वडिलांच्याच जागी शिकवत होता. त्यानं वडिलांचा निरोप आणला, की मास्तर, तुम्ही केलंत ते बरोबर. पण त्या निरोपानं गावातलं पाणी निघणार नव्हतं. मास्तरांना राग गावाचा नव्हता. पन्नास वर्षं आपण या जागेकडं बघत आलो, आणि जेव्हा गावानं विचारलं की तिथं काय होतं, तेव्हा आपल्याकडं दाखवायला काही नाही, हे त्यांना सलत होतं. त्यांनी माळ्यावरचे सगळे गठ्ठे सोडले. साडेसहाशे चित्रं. वाकडीची त्यात चाळीसच्या वर. एकाही चित्रात उघाडी नव्हती.

गठ्ठे परत बांधताना त्यांना ती मुलगी आठवली. नाव आठवायला आणखी दोन दिवस गेले.

रीमा आता वसईच्या एका दवाखान्यात परिचारिका होती आणि लग्न होऊन नायगावला राहत होती. मास्तर दुपारी तिच्या घरी गेले. तिनं वाकून नमस्कार केला, पाणी दिलं, मुलाला टीव्ही बंद करायला सांगितलं. मास्तरांनी आधी कामाचं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी तुला त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, म्हणाले, म्हणून तू सोडलंस का?

रीमा जरा गोंधळली. "तलाठी ना? नाही हो सर. आठवीत गणिताची शिकवणी रविवारीच होती, म्हणून सुटलं." मग ती म्हणाली, "पण एक आहे. नंतर कधी काढावंसं वाटलं नाही."

मास्तरांनी वहीचं विचारलं तेव्हा रीमा म्हणाली की ती माहेरी असेल तर असेल; आई कोरी पानं वाया घालवत नाही. दोघं तसेच रिक्षानं जूचंद्रला गेले. वही सापडली ती शिलाई मशीनच्या खणात. मागच्या कोऱ्या पानांवर आईनं ब्लाउजची मापं लिहिली होती, दोन-तीन पानं फाडलेली होती. पण वाकडीच्या बांधावरची सहा चित्रं शाबूत होती. कोपऱ्यात शाळेच्या सवयीनं तारीख, वार, इयत्ता. फुटक्या खांबावर १९५८. विजेच्या खांबावर जे-४७. तारेवरचे अकरा पक्षी.

मास्तर जमिनीवर मांडी घालून ती चित्रं बघत राहिले. एका चित्रात उघाडीपाशी टेकवलेलं एक फावडंही होतं. बाळाराम जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, म्हणजे ते त्यांचं नव्हे. पण कुणीतरी अजून गाळ काढत होतं, आणि आपल्याला ते माहीतही नव्हतं.

पुढच्या तारखेला रीमा स्वतः आली, ड्यूटीच्या कपड्यांत, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. वकिलांनी म्हटलं की हे एका लहान मुलीचं चित्र आहे, यावर काय विश्वास ठेवायचा? त्यावर मास्तर म्हणाले की या मुलीला काही सोडता येत नव्हतं म्हणून मी तिला नावं ठेवली होती. त्याला साक्षीदार हवे असतील तर तेव्हाची दहा-बारा मुलं आजही गावात आहेत. बाईंनी वही मोजणीदारांकडं दिली. जे-४७ हा खांब गावच्या जुन्या रस्त्यावर अजून उभा होता, गंजलेला, पण नंबर वाचता येत होता. चित्रात तो देवळाच्या पायऱ्यांच्या बरोबर खाली येत होता आणि त्याचं टोक सर्वांत खालच्या पायरीला टेकत होतं. तो तसा येईल अशी जागा शोधत मोजणीदार मागं मागं सरकत गेले आणि एका ठिकाणी चुन्याची खूण करून थांबले. दोन दिवसांनी, चित्रात तिथून उघाडी दिसत होती त्या बाजूला खोदलं. सात फुटांवर सिमेंट लागलं. अर्धा खांब वर आला तेव्हा त्यावरचे पाच आणि आठ दिसत होते, बाकीचं तुटलं होतं. मास्तर खड्ड्यात उतरले आणि त्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवून वर आले.

वाकडी परत आली असं मात्र नाही. इमारती उभ्या होत्या, त्यांत माणसं राहत होती, त्यांना कुठं घालवणार? अडीच वर्षांनी भरावाखालून सिमेंटचे दोन चौकोनी नाले खाडीपर्यंत नेले आणि तोंडाशी लोखंडी दारं बसवली. त्यानंतरच्या मोठ्या पावसात गावात पाणी आलं, पण रात्रीतून उतरलं. तेवढं झालं. हितेश आता पावसाळ्यापूर्वी दोन माणसं घेऊन दारांतलं प्लास्टिक काढायला जातो. काकांशी तो काही महिने तुटकच वागत होता. मग एक दिवस आंब्याची पेटी घेऊन आला.

मास्तर २०१९ला निवृत्त झाले. रविवारचा वर्ग चालूच आहे. नव्या मुलाला पहिले तीन महिने काहीही सोडायला परवानगी नाही; दिसतं ते सगळं काढायचं, टाकीवरचं नाव, गटाराचं झाकण, सगळं. चौथ्या महिन्यात मास्तर गाळायला शिकवतात, आणि शिकवताना पूर्वीसारखेच रंगात येतात. गाळल्याशिवाय चित्र होत नाही हे त्यांचं मत बदललेलं नाही. धुकं त्यांना अजून आवडतं. फक्त चित्र पुरं झालं की ते उलटं करतात आणि मागं पेन्सिलीनं लिहून ठेवतात, काय काय सोडलं ते. डावीकडं मोबाइलचा टॉवर. बांधावर जेसीबी, पिवळा. होडी खरी नाही.

गेल्या वर्षी वसईत त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमेंटीन आणि उमंग नावाचं एक तरुण जोडपं आलं. दोघं नायगाव पूर्वेला नव्या घरात राहायला आलेले, भिंतीसाठी चित्र शोधत होते. जूचंद्रच्या दक्षिणेचं एक चित्र त्यांना आवडलं. संध्याकाळचं आभाळ, थोडं पाणी, डोंगर. मास्तरांनी सवयीनं ते उलटं करून दाखवलं. क्लेमेंटीननं मागचं वाचलं. मग नवऱ्याला वाचायला लावलं. तिथं लिहिलं होतं: उजवीकडं सात मजली इमारती चार, फिकट गुलाबी, गच्चीवर काळ्या टाक्या.

"ही आमचीच बिल्डिंग," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "आम्ही नकोच होतो का तुम्हाला?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं, की त्या इमारतींखाली आमची शेती होती, आणि त्यांच्याकडं बघायला मला अजून नीट जमत नाही. क्लेमेंटीननं मान हलवली. चित्र त्यांनी घेतलं नाही. जाताना उमंग म्हणाला की आमच्या गच्चीवरून खाडी पूर्ण दिसते, कधी यावंसं वाटलं तर या.

मास्तर पुढच्याच रविवारी वर्ग आटोपून गेले. वॉचमननं वहीत नाव लिहून घेतलं, कुणाकडं जायचं ते विचारलं. लिफ्टनं सातव्या मजल्यावर आणि पुढं जिन्यानं गच्चीवर. काळ्या टाक्यांच्या सावलीत त्यांनी पाट मांडला. जन्मभर त्यांनी गाव खालून, बांधावरून बघितला होता. वरून तो त्यांना नवाच होता. कौलं थोडी, पत्रे बरेच, देवळाचा कळस, आणि दोन सरळ नाले खाडीत उतरत गेलेले, त्यांच्या तोंडाशी गढूळ पाण्याचा पंखा पसरलेला. गच्चीवर दोऱ्यांना कपडे वाळत होते. थोड्या वेळानं क्लेमेंटीन चहा घेऊन आली आणि त्यांना खाडी दिसायला आड येईल म्हणून समोरची चादर काढायला लागली.

मास्तरांनी तिला थांबवलं. चादर राहू दे म्हणाले, आणि ब्रश पाण्यात बुडवला.